बर्फाचं एक्स्टेंशन

आमच्या सोसायटीत सकाळी आधी दूध येतं, मग पेपर येतो आणि मग उत्तर ध्रुवाचा बर्फ येतो.

बर्फ आणतात दगूकाका वडघुले. अंगात बंडी, कानांवरून मफलर, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात चहाची बशी अशा थाटात ते पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहतात आणि खाली गाड्या पुसणाऱ्या जगाला खणखणीत आवाजात सांगतात, “घटला! बर्फ घटला! गेल्या सालच्या मानाने लय घटला!” चाल थेट भाजीवाल्याची. बाजूच्या विंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एक बाई पहिल्या दिवशी पातेलं घेऊन खाली उतरल्या होत्या. बर्फाचा भाव उतरला, अशी त्यांची समजूत झाली होती.

खालून लगेच उत्तरं येतात. “काका, बर्फाचं राहू द्या, माझी स्कूटर सुरू होत नाही त्याचं बोला!” “काका, संध्याकाळच्या ग्लासापुरता शिल्लक आहे ना?” शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी पोरं तर एका सुरात ओरडतात, “काका, आज एक्स्टेंशन किती?” मग काका कपाळावरचा चष्मा नाकावर आणून अत्यंत गंभीरपणे आकडा वाचतात. त्या आकड्याचं कुणी काही करत नाही. पण तो ऐकल्याशिवाय आमच्याकडे दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, हेही खरं.

हे ‘एक्स्टेंशन’ म्हणजे काय ते सांगायला हवं. ध्रुवाकडच्या समुद्राचा किती भाग बर्फाने झाकलेला आहे, त्याला इंग्रजीत एक्स्टेंट म्हणतात. उपग्रह तो रोज मोजतात आणि कुणालाही घरबसल्या बघता येतो. काकांनी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांचा चष्मा सापडत नव्हता. शेवटची दोन अक्षरं त्यांनी अंदाजाने भरली. मी एकदा दुरुस्त करायला गेले.

“काका, ते एक्स्टेंट आहे. एक्स्टेंशन म्हणजे मुदतवाढ.”

“मग? बर्फाला मुदतवाढच पाहिजे ना?”

यावर काय बोलायचं ते मला बी.एस्सी.ला शिकवलेलं नव्हतं.

बी.एस्सी.चा उल्लेख आलाच आहे तर सांगते. मी घोटीची. वडील भाताच्या गिरणीत कामाला. आमच्या घरात पदवी मिळवलेलं पहिलं माणूस मी. माझी आजी अजूनही आल्यागेल्याला ‘आमची नात बीयेश्शी हाय’ असं सांगते, जणू ते एखादं खातं आहे. लग्न होऊन नाशकात आले, माती-पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि काकांच्या बरोबर समोरचा फ्लॅट आम्ही भाड्याने घेतला. मी दिवसभर शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेल्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, मोजते. पण काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, “प्रयोगशाळेत? म्हणजे सायंटिस्ट!” आणि तेव्हापासून सोसायटीत माझं नाव सायंटिस्ट पडलं. मी पुष्कळ सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. भंगारवालासुद्धा आता “ओ सायंटिस्ट ताई, रद्दी हाय का?” असं विचारतो.

काकांची उभी नोकरी पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. टेम्पोतून माल येणार, गार खोलीत थंड होणार, कंटेनरमध्ये चढून परदेशी जाणार. या सगळ्यात काकांचं काम एकच, थंडी राखणं. मशीन सांभाळायचं आणि दारं सांभाळायची. त्यातलं मशीन पिंपळगावलाच राहिलं. दारं मात्र ते निवृत्त होताना सोबत घेऊन आले.

“दार लावा!” हे काकांचं नमस्कारासारखं आहे. कुणाच्याही घरात शिरले की आधी दार लावतात, मग चप्पल काढतात. लिफ्टचं दार, जिन्याचं दार, एकदा तर शेजारच्यांच्या वास्तुशांतीत यजमान बाहेर आणि पूजा आत, असं करून ठेवलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात मी फ्रिज उघडून उभी राहिले की त्यांच्या छातीत कळ येते. “फ्रिज उघडून विचार करायचा नाय, पोरी. आधी विचार करायचा, मग उघडायचा.” हे वाक्य मी आता माझ्या नवऱ्याला ऐकवते. तो सातपूरच्या कंपनीत शिफ्टला असतो आणि घरी आला की फ्रिजपुढे देवापुढे उभं राहावं तसा उभा राहतो.

तर कोल्ड स्टोरेजच्या या माणसाने एक दिवस उत्तर ध्रुव पाहिला, आणि त्यांना घरी आल्यासारखं वाटलं.

“हे बघ सायंटिस्ट,” ते मला समजावतात. समजावताना आमच्याच टेबलावरचे डबे वापरतात. “जगाचं कोल्ड स्टोरेज कुठंय? वर. थंडी कुठं साठवलीय? वर. तिच्याभोवती वारा गोल गोल फिरतोय. कशाला? राखणीला. त्याला ते पोलर व्होर्टेक्स म्हणतात. आपल्या भाषेत, दाराचं रबर. आता खालचा समुद्र बर्फाने झाकलेला असला की त्याची ऊब त्याच्यापाशी. बर्फ गेला की झाकण गेलं. हिवाळ्याच्या तोंडाला ती ऊब भसाभसा वर चढते. रबर पडतं सैल. दार राहतं किलकिलं. मग थंडी काय करणार? पळते खाली! खाली गरम हवा बसलेलीच. दोघींची गाठ पडली की जे होतं, त्याला म्हणायचं वादळ. जावाजावांचं भांडण बघितलं नाय का तू?”

मी शिकलेली असल्यामुळे मला राहवेना. मी जमेल तेवढं वाचून काढलं आणि एका रविवारी मिसळ खाता खाता त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, “काका, तुम्ही म्हणता तसं काही अभ्यासकांना वाटतं. पण बाकीचे म्हणतात, काही हिवाळ्यांत तसं दिसलं आणि पुढच्या हिवाळ्यांत दिसेना. ते रबर आपल्या लहरीनेही सैल पडतं. बर्फ नसला की लाटा थेट किनाऱ्यावर येऊन आदळतात, इथवर ठीक. पण वादळंच त्याच्यामुळे वाढतात का, यावर अजून एकमत नाही.”

काकांनी पावाचा तुकडा तर्रीत बुडवला, नीट भिजू दिला आणि म्हणाले, “एकमत तर आपल्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर पण नाय. म्हणून काय टाकी गळायची थांबली?”

टाकी खरंच गळत होती. मी मिसळ संपवली.

एकदा हे सूत्र हातात आल्यावर काकांना जगात न उलगडणारं असं काही राहिलं नाही. निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटल्या: बर्फ. पौषात अवकाळी पाऊस आला: बर्फ. कांद्याचा भाव पडला: बर्फ. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आडनावाने पगार आहेत आणि प्रत्येक मीटिंगला उशिरा येतात, त्यामुळे ‘पगार कधी वेळेवर झालाय का’ हा विनोद आमच्याकडे इमारतीइतका जुना आहे. काकांनी तोसुद्धा बर्फाच्या खात्यावर टाकला. “त्यांचं गाव कळवणकडचं. तिकडं थंडी जास्त. माणूस आखडतो.”

पण या सगळ्याच्या मुळाशी उत्तर ध्रुव नव्हता. मुळाशी लीलाकाकू होत्या, आणि हे सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं.

लीलाकाकू म्हणजे काकांची बायको. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा आमच्याकडे गॅसचं कनेक्शन नव्हतं. गॅस येईपर्यंत काकूंनी आम्हा दोघांना जेवू घातलं, आणि जेवू घालताना मला एकदाही पाहुण्यासारखं बसू दिलं नाही. “ऊठ, कोशिंबिरीला फोडणी दे,” म्हणायच्या. घोटीहून आलेल्या मुलीला या शहरात कुणीतरी हक्काने उठवणारं भेटलं, याचं मोल मला सांगता येणार नाही. त्यांची एकुलती मुलगी मनीषा कॅनडात, हॅलिफॅक्स नावाच्या गावी असते. तिच्या बाळंतपणासाठी काकू गेल्या. सहा महिन्यांसाठी.

काकांनी मोबाइलवर हॅलिफॅक्सचं हवामान लावून ठेवलं. पहिल्याच हिवाळ्यात तिकडे मोठं वादळ झालं, वीज गेली, आणि दिवसभर फोन लागेना. काकांनी मग आपल्या सवयीप्रमाणे गळती शोधायला घेतली. कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी कुठून निसटतेय हे बघायला हाताचा तळवा भिंतीजवळून फिरवत वर वर जातात. काका नकाशावर तसे वर वर गेले. वादळ कुठून आलं? त्याच्या वरून. तिथे कुठून आलं? आणखी वरून. असं करत ते उत्तर ध्रुवावर पोहोचले आणि त्याच्याही वर जाता येत नाही म्हणून तिथेच थांबले.

संध्याकाळी रोज फोन. त्यांचा आवाज मोठा आणि भिंती पातळ, त्यामुळे मलाही रोज फोन.

“दार लावलंय का नीट? खालच्या फटीत कापड सार!”

“अहो, मी फ्रिजात येऊन बसलेय आणि तुम्ही मला दार काय सांगताय!” पलीकडून काकू.

सहा महिन्यांनी काकू परत यायच्या होत्या. काकांनी घर धुऊन काढलं, फ्रिजचं रबर बदललं, मला विचारून कढी करून पाहिली आणि ती फाटल्यावर पुन्हा केली. आणि नेमकं वादळ आलं. विमानच रद्द झालं. हे खरं होतं, बातम्यांतही होतं. सोसायटी हळहळली. कुणीतरी काकांना शिरा नेऊन दिला.

त्यानंतर काकूंचं येणं आणि वादळाचं येणं यांची वेळ जुळायलाच लागली. जरा यायचं ठरलं की वादळ. उन्हाळ्यात वादळ कुठून आणणार? तर उन्हाळ्यात धुकं. “लय धुकं असतं तिकडं, हात दिसत नाय हाताला,” काका सांगायचे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वादळ. बायकांच्या भिशीत कुजबूज सुरू झाली. पगारवहिनी म्हणाल्या, “जावयाच्या घरी माणसाने किती दिवस राहावं?” दुसऱ्या एक जणी म्हणाल्या, “बर्फ घटला म्हणे. मला तर काहीतरी वेगळंच आटलेलं दिसतंय.”

पण या सगळ्यांची कसर भरून काढायच्या त्या काकांच्या थोरल्या बहीण, विंचूरच्या अक्का. अक्का अधूनमधून एसटीने येतात, सोबत कांद्याची गोणी आणि मनात साठलेलं सगळं घेऊन. त्यांना कुजबुजता येत नाही. त्या जिन्यातूनच सुरू करतात.

“दग्या, बायको गेली का पळाली रं?”

“वादळ हाय, अक्का.”

“आरं, ह्या वादळानं आमच्या द्राक्षाचा घड सोडला नाय, आन् तुझ्या बायकोला तेवढं धरून ठिवलंय व्हय? लोक इचारत्यात मला. भावजय नांदंना का, म्हणून इचारत्यात. मी काय सांगू?”

काका यावर एरवी काहीतरी चटपटीत बोलले असते. पण अशा वेळी ते नुसते मफलर सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. लोक आपल्याला हसले तर त्यांना चालायचं. मला वाटतं, आवडायचंही. पण लीलाकाकूंना कुणी नावं ठेवली की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

एका संध्याकाळी मी वांग्याची भाजी द्यायला त्यांच्याकडे गेले, तर दार सताड उघडं. इथे राहायला आल्यापासून हे मी पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, काका आत पडले वगैरे की काय. ते खिडकीपाशी पाठमोरे उभे होते, फोनवर.

“तू एक्स्टेंशन घेऊन टाक,” ते सांगत होते.

मला हसू आलं. म्हटलं, काकूंनाही आता बर्फ मोजायला लावला.

“अगं घे म्हणतो ना! मुदत संपायच्या आत घे. मनीषा बघेल सगळं. माझं काय? मला काय धाड भरलीय? समोरची पोरगी भाजी देती. लोकांचं? लोकांचं तू कशाला मनावर घेती? लोकांचं मी टाकतो ना वादळावर.”

बर्फाला मुदत नसते, व्हिसाला असते, एवढं मला माहीत होतं. मी वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. काका वळले, त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

“दार लावायचं राहिलं,” ते म्हणाले.

मी दार लावलं. भाजी ओट्यावर ठेवली. आता निघावं की थांबावं हे कळेना, म्हणून मी त्यांची सकाळची भांडी घासायला घेतली. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “ती पोहायला जाती.”

“कोण?”

“लीला. तिकडं बायांचा पोहायचा क्लास असतोय. मनीषाने फोटो पाठवला, डोक्याला रबरी टोपी घालून. ओळखूच येईना. मला वाटलं मनीषाच्या ऑफिसातला कुणी साहेब हाय.” त्यांना हसू फुटलं. “जन्म गेला गोदावरीच्या काठी. घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाय बाईने. आणि आता बाहेर बर्फ पडतोय आणि ही आत तरंगतीय. पुढं सरकता येत नाय म्हणे अजून. एका जागी तरंगती. पण तरंगती.”

“मग कधी येणार ते विचारलं नाही तुम्ही?”

काकांनी फडकं घेतलं आणि ओट्यावरचं एक भांडं पुसायला लागले. ते आधीच पुसलेलं होतं.

“सीझनला मी पिंपळगावलाच असायचो. चार-चार महिने. घर इथं, मनीषाच्या शाळेपायी. रस्ता किती? तासाभराचा पण नाय धड. पण मशीन बंद पडलं तर, कुणी दार उघडं टाकलं तर, म्हणून हलायचो नाय मी. मनीषाला कांजिण्या आल्या तेव्हा पण नाय. आणि हिने एकदा, एकदासुद्धा विचारलं नाय, की कधी येता. जेवलात का, एवढंच विचारायची. आता मी कोणत्या तोंडाने विचारू, कधी येती म्हणून?”

मी विचारलं, “म्हणजे ते वादळाचं सगळं खोटं?”

काका एकदम दुखावले. “खोटं कसं? वादळं खरी हायेत. बर्फ खरा हाय. फक्त तिकिटं खोटी हायेत!”

मग संक्रांत झाली आणि अक्का येऊन ठाकल्या. त्यांनी फर्मान काढलं, “लीलाच्या घरचं हळदीकुंकू चुकायचं नाय. रथसप्तमीच्या आत झालंच पायजे. ती नसंना का हितं.” काका माझ्याकडे आले. बायकांच्या हळदीकुंकवाला पुरुषाने काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि न करून अक्कांच्या तोफेपुढे काकूंना उभं करायची त्यांची तयारी नव्हती. मी म्हटलं, मी उभी राहते काकूंच्या जागी. काकूंनी फोनवरून मला सगळं सांगितलं, हळदीकुंकवाची कोयरी कुठल्या कपाटात, अत्तरदाणी कुठल्या डब्यात. फक्त वाण मी आणतो, असं काका हट्टाने म्हणाले. मी ऐकायला नको होतं.

वाण म्हणून त्यांनी प्रत्येकीला फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला होता.

“अगंबाई, कुणाला ताप आलाय?” पगारवहिनी तो उजेडात धरून म्हणाल्या. दुसरीने तो जिभेखाली धरून दाखवला. हशा पिकला. काका स्वयंपाकघरात दडून बसलेले, दार पुढे ओढलेलं, पण एक बोटभर फट राखून. त्या फटीतून एक डोळा आणि मफलरचं टोक दिसत होतं.

हसणं ओसरलं, आणि तीच संधी अक्कांनी साधली. “लीलाच्या हातचं कुंकू लावून घ्यायचं व्हतं आज. कधी यायचीय ती?”

फटीतून आवाज आला, “परवाचं विमान होतं, अक्का. रद्द झालं. वादळ येतंय मोठं.”

पगारवहिनींनी मोबाइल काढला. त्या वाईट नाहीत, पण त्यांचा नवीन मोबाइल होता. “हॅलिफॅक्स ना? थांबा हं. काका, अहो इथे तर ऊन दाखवतंय. आजही ऊन, उद्याही ऊन. आठवडाभर नुसतं ऊनच आहे!”

मोबाइल हातोहात फिरला. प्रत्येकीने त्यावरचा पिवळा सूर्य पाहिला, आणि मग प्रत्येकीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. फटीतला डोळा दिसेनासा झाला होता.

“मंग वादळ कुठं हाय रं, दग्या?” अक्कांनी विचारलं. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “तू सायंटिस हाय ना गं? तू सांग. आता लोक इचारत्यात त्यांना मी काय सांगू, माझी भावजय नांदायला तयार नाय?”

माझ्या हातात कोयरी होती. शिकलेल्या माणसाचा शब्द आमच्याकडे अजून खपतो, हे मला तेव्हा जाणवलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“ऊन गावात आहे, अक्का,” मी म्हटलं. “वादळ समुद्रावर आहे. विमान समुद्रावरूनच यायचं ना?”

पगारवहिनींनी मोबाइलवर समुद्र शोधायचा प्रयत्न केला. पण समुद्राला गावाचं नाव नसतं, त्यामुळे काय लिहायचं ते त्यांना सुचेना.

“वरचा बर्फ कमी झालाय,” मी नेटाने पुढे चालवलं. “त्यामुळे व्होर्टेक्स सैल पडलाय. म्हणजे रबर. दाराचं.”

“आस्सं,” अक्का म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण इतका झर्रकन उतरला, की मला कळलं, या बाईला भांडायचं नव्हतंच, हातात धरायला काहीतरी पुरावा हवा होता. “मंग बरूबर हाय. रबर सैल झाल्यावर कशाला यायचं बाईमाणसानं? ऱ्हाऊं दे तिला निवांत. मी सांगते विंचूरला. सायंटिस म्हणली म्हणून सांगते.” आणि वर फटीकडे बघून ओरडल्या, “आरं, मला हे आधी नीट सांगायला काय झालं व्हतं तुला? नुस्ता बर्फ बर्फ करतो सकाळपासनं!”

बायका तिळगूळ आणि थर्मामीटर घेऊन गेल्या. पगारवहिनी अक्कांना आपल्या घरचं हळदीकुंकू दाखवायला घेऊन गेल्या. मी सतरंजी गोळा करत होते, तेव्हा काका स्वयंपाकघरातून बाहेर आले. मला वाटलं, शाबासकी देतील किंवा निदान एखादा विनोद करतील. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

“सायंटिस्ट,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “ते समुद्रावर वादळ हाय म्हणालीस ते... खरंच हाय का?”

“मला काय माहीत काका? तोंडाला आलं ते बोलले मी.”

ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि मोबाइल काढला. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ते मोबाइल कसा बघतात हे मी इतक्या दिवसांत कधी नीट पाहिलंच नव्हतं. बर्फाच्या पांढऱ्या ठिपक्यावर ते क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. त्यांचं बोट खाली आलं, हॅलिफॅक्सवर टेकलं, आणि तिथून सावकाश निघालं. आधी तो मोठा समुद्र. मग युरोप. मग वाळवंट, मग पुन्हा समुद्र. शेताच्या बांधावरून चालावं तसं, मध्ये कुठे ढग दिसला की थांबून, तो कुठे सरकतोय ते बघून, पुन्हा पुढे.

“रोज बघतो हे,” काका म्हणाले. “गॅलरीत ओरडून झालं की मग आत येऊन हे बघतो.”

“कशाला पण? तिकीट तर काढलेलंच नाहीये ना काकूंचं?”

“नाय काढलेलं.”

“मग?”

“मग काय मग? लोकांसाठी वादळ असलं तर असू दे.” त्यांचं बोट मुंबईशी येऊन थांबलं होतं. “पण तिच्या एखाद्या दिवशी मनात आलं तर? रस्ता तर मोकळा पाहिजे ना.”

त्यांनी ते बोट पुन्हा हॅलिफॅक्सवर नेलं आणि पुन्हा एकदा सगळी वाट, मघापेक्षाही हळू, तपासली. मीही वाकून बघत होते. कुठेच काही नव्हतं.

“मोकळा हाय,” काका म्हणाले.